साखळीतलं शेवटचं घर

नाशिकच्या एका कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवत होते. कला शाखेच्या भरलेल्या वर्गातून माझ्या तासाला दहा-बारा जण उरायचे. त्यातलेही निम्मे, दुसरा विषय मिळाला नाही म्हणून आलेले. दर जूनमध्ये मला धाकधूक असायची की यंदा विषय राहतो की जातो.

मी मूळची सायखेड्याची. वडील गेले, आईही पाठोपाठ गेली, आणि शेत भावाकडे राहिलं. लग्न जमवण्याची खटपट करणारं घरात कुणी उरलं नाही, आणि मीही फारसं मनावर घेतलं नाही. गंगापूर रोडच्या एका गल्लीत, एका घराच्या मागच्या बाजूला माझी खोली होती. मालक-मालकीण भली माणसं, पण त्यांचं दार पुढच्या अंगाला आणि माझं मागच्या. आठवडा आठवडा गाठ पडायची नाही. संध्याकाळी स्टोव्हवर भात चढवायचा आणि रेडिओवर सातच्या प्रादेशिक बातम्या लावायच्या. बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज हाच कित्येकदा कॉलेज सुटल्यानंतर ऐकलेला पहिला माणसाचा आवाज असे.

बातम्यांचा नाद मला तसा आधीपासून होता. पण त्यातून कॉलेजात जे उभं राहिलं, त्याचं कारण वेगळं होतं.

आणीबाणीतली गोष्ट. आमच्या ग्रंथालयात चार वर्तमानपत्रं यायची. एक दिवस माझा एक विद्यार्थी चारही अंक पुढ्यात पसरून बसला होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, बातमी एक असेल, समजू शकतो. पण चारही पेपरांत वाक्यंसुद्धा तीच कशी?"

मला उत्तर ठाऊक होतं. पण आमचे उपप्राचार्य दोन टेबलं सोडून बसलेले होते. मी म्हणाले, "एकाच ठिकाणाहून आली असेल बातमी. वाच तू."

तो मुलगा मान हलवून वाचायला लागला. मी कपाटाआड जाऊन उगीच पुस्तकं चाळत राहिले. दोन विधानांवरून निष्कर्ष काढायला शिकवणारी मी, आणि मुलानं बरोबर काढलेला निष्कर्ष मीच त्याच्या हातातून काढून घेतला होता.

आणीबाणी उठली तशी मी प्राचार्यांकडे गेले आणि शनिवारी दुपारची एक खोली मागितली. मुलांना बातमी वाचायला शिकवायचं म्हणाले. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "परीक्षेत नाही ते मुलं कशाला शिकतील?"

"येतील तेवढ्यांना शिकवीन."

"घ्या खोली. पंखा चालत नाही तिथला."

त्या खोलीत आमचा बातमीचा तास सुरू झाला. एकच बातमी चार पेपरांतून कापायची, खळीनं पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवायची आणि बोलायचं. कुणी काय गाळलं, कुणी काय घातलं, मथळा एक सांगतो आणि मजकूर दुसरंच सांगतो असं कुठं झालंय. मी फळ्यावर प्रश्न लिहून ठेवत असे: हे कुणी सांगितलं? त्यानं स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं? मुलांना ते आवडलं. पंधरा-सोळा जण नेमानं यायला लागले. स्टाफरूममध्ये मला 'बातम्यांच्या बाई' म्हणायला लागले. अर्थशास्त्राचे सर मी आत शिरले की विचारायचे, "काय बाई, आजच्या बातम्या खऱ्या का खोट्या?" सगळे हसायचे, मीही हसायचे. मग कप घेऊन खिडकीपाशी जायचे. तिथं बसायला एकच खुर्ची होती.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात कॉलेजचं दहा दिवसांचं सेवा शिबिर निघालं. हरसूलच्या पुढं, डोंगरात, एका पाड्यावर. बांध घालायचे, रस्ता दुरुस्त करायचा, असं काम. शिबिराला एक शिक्षिका हवी होती. बाकीच्यांना घरदार, मुलंबाळं. मला कुणी विचारलंच नाही, माझं नाव परस्पर लिहून टाकलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्या शनिवारच्या तासाची बरीच मुलं त्यात होती.

पाड्यावरच्या शाळेत आमचा मुक्काम होता. तिथले गुरुजी पन्नाशीचे, मूळचे खालच्या मुलखातले, पण बरीच वर्षं तिथंच असलेले. त्यांनी वर्ग रिकामा करून दिला, पाण्याची सोय केली, मुलांना घरोघर नेऊन ओळखी करून दिल्या. पाड्यावर त्यांचा शब्द चाले. कुणाचं पत्र आलं तर ते वाचून दाखवायचे, कुणाचा अर्ज ते लिहून द्यायचे. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, इथं आपल्या जातीचा एक माणूस आहे, वाचणारा.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई लहान मुलांना लस टोचायला आल्या. बघतो तर पाड्यावर एक मूल नाही. बायका पोरं घेऊन रानात गेलेल्या. दारात बसलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "पोरी नाय आणायच्या. सुई टोचली का पोरी वांझ व्हतात."

नर्सबाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, "मागल्या महिन्यापर्यंत असं काही नव्हतं हो बाई."

संध्याकाळी मुलांची बैठक झाली. माझ्या तासाला येणारी एक मुलगी होती, फार कमी बोलायची. वडील कारखान्यात कामगार, नाशिकमधल्याच एका वस्तीत राहायची. ती म्हणाली, "मॅडम, एका घरी सांगत होते, दोन वर्षांपूर्वी इथल्या पुरुषांना जीपमध्ये घालून नसबंदीच्या ऑपरेशनला नेलं होतं. यांची भीती खोटी नाही."

"भीती खरी असेल," मी म्हणाले, "पण बातमी खोटी आहे. आणि बातमी कुठून आली ते शोधता येतं."

मुलांच्या डोळ्यांत चमक आली. आजवर आम्ही कागदावरच्या बातम्या तपासत होतो, इथं जिवंत अफवा हाताशी आली होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी वह्या घेतल्या आणि घरोघर एकच प्रश्न विचारत निघाली. तुम्हांला हे कुणी सांगितलं? जिचं नाव येईल तिच्याकडे जायचं आणि पुन्हा तेच विचारायचं. मुलांना तिकडची बोली नीट कळत नव्हती आणि घरं अनोळखी, म्हणून गुरुजी बरोबर होते. शाळेत भिंतीवर मी मोठा कागद लावला. मुलं येऊन सांगत आणि मी घर काढून बाणाला बाण जोडत असे.

दुपारपर्यंत नऊ घरं झाली. आणि सगळे बाण फिरून फिरून एकाच घराकडे जायला लागले.

ते घर पाड्याच्या टोकाला होतं. तिथं एकटी बाई राहायची, माझ्याच वयाची असेल. नवऱ्यानं टाकलेली. हरसूलच्या आठवडे बाजारात सुकट-बोंबील विकायची. बाजाराला जाणारी, चार लोकांत बोलणारी. आमच्या मुलांना ते अगदी पटलं.

मी स्वतः तिच्याकडे गेले. ती सुपात सुकट निवडत होती. मी विचारलं, "ताई, लसीचं तुम्ही सांगितलंत?"

"मी नाय सांगितलं. मी ऐकलं."

"कुणाकडून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या मुलांकडे आणि गुरुजींकडे. पुन्हा खाली बघून निवडायला लागली. "ध्यानात नाय," म्हणाली.

परत येताना मुलं जवळजवळ नाचत होती. "मॅडम, सापडलं मूळ!" मला खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. इतकी वर्षं फळ्यावर शिकवलेलं काही पहिल्यांदा जगात उपयोगी पडत होतं.

संध्याकाळी पाड्याची सभा बोलावली. मी तो कागद समोर धरून समजावलं की खोटी गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात कशी जाते आणि जाता जाता कशी वाढते. कुणाचंही नाव घेतलं नाही, तेवढं शहाणपण माझ्याकडे होतं. पण पाड्यावर घरं ती किती, आणि कागदावर शेवटचं घर टोकाला काढलेलं. सगळ्यांना कळलं. पाड्यातले एक जाणते म्हातारे म्हणाले, "म्हंजी हे तिनंच केलं."

मी हो म्हणाले नाही. नाही असंही म्हणाले नाही. गुरुजी शेजारी उभे होते, तेही काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या तेव्हा बायकांची रांग लागली होती.

नाशिकला परतल्यावर माझं खूप कौतुक झालं. मी एक निबंध लिहिला, अफवेचा माग कसा काढावा यावर, आणि तो विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात वाचला. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी दोन-तीन प्राध्यापकांनी माझा पत्ता लिहून घेतला. कॉलेजच्या वार्षिक अंकात तो छापून आला. घरांचा आणि बाणांचा तो कागद प्राचार्यांनी काचेच्या चौकटीत घालून खालच्या मजल्यावर लावला. अर्थशास्त्राच्या सरांनी खुर्ची ओढून म्हटलं, "बसा बाई." ते दोन-तीन महिने माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे होते. रविवारीसुद्धा कुणी ना कुणी विद्यार्थी खोलीवर यायचा.

मार्चमध्ये, परीक्षा तोंडावर आली असताना, ती कमी बोलणारी मुलगी ग्रंथालयातून माझ्याकडे आली. हातात एका साप्ताहिकाचा जुना अंक होता. म्हणाली, "मॅडम, कात्रणं शोधत होते. हे बघा."

आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, चौकटीत चार ओळी होत्या. 'लस टोचल्याने मुली वांझ?' कुठल्या गावी, कुणाची मुलगी, काहीच नव्हतं. 'असे समजते' एवढंच. अंक आमच्या शिबिराच्या दोन आठवडे आधीचा होता.

"हे तिथं कसं पोचणार?" मी म्हणाले. "ती बाई तर निरक्षर होती."

मुलीनं अंक मिटून त्याचं मुखपृष्ठ माझ्यापुढं केलं. मग म्हणाली, "गुरुजींच्या कपाटात ह्या साप्ताहिकाचे अंक होते, मॅडम. पोस्टानं यायचे. मी पाहिलेले आहेत. तेव्हा काही वाटलं नाही."

नऊच्या नऊ घरी गुरुजी मुलांबरोबर उभे होते. त्यांच्यादेखत त्यांचं नाव कोण घेणार होतं?

पुढच्या रविवारी मी एकटीच एस.टी.नं गेले. हरसूलला उतरून पाड्यापर्यंत चालत गेले. गुरुजी शाळेच्या ओट्यावर बसलेले होते. मी तो अंक त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"दुकानापाशी वाचून दाखवलं होतं मी," ते म्हणाले. "नेहमी दाखवतो तसं. पुढं प्रश्नचिन्ह आहे, बाई. मी खरं आहे असं म्हटलं नव्हतं."

"प्रश्नचिन्ह वाचून दाखवता येतं का, गुरुजी?"

त्यांनी अंक बोटानं माझ्याकडे सरकवला.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? माझ्या शेजारी उभे होतात तुम्ही."

ते ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मला विचारलं नाहीत."

मी भांडायला गेले होते. पण त्या वाक्यानंतर माझ्याकडे भांडायला काही उरलं नाही. सगळ्या पाड्यात वाचता येणारा माणूस तो एक, आणि नेमकं त्यालाच मी विचारलं नव्हतं. वाचणारा माणूस आपल्यातला, म्हणून.

पाड्याच्या टोकाला गेले तर घर बंद, दाराला काट्यांची झाप लावलेली होती. शेजारची बाई सांगायला आली. आम्ही गेल्यावर एका पोराला ताप भरला, तो आठ-दहा दिवस उतरला नाही. लोक म्हणाले, आधी हिनं सुईचं सांगितलं, आता हिची नजर लागली. तिच्या हातचं कुणी घेईना, पाणवठ्यावर तिला बाजूला उभं करायला लागले. ती उठून बहिणीकडे गेली, पेठच्या बाजूला.

"पोरगं कसं आहे?" मी विचारलं.

"बरं हाय. खेळतं."

मी त्या जाणत्या म्हाताऱ्यांकडे गेले, चार माणसं बोलवा म्हटलं. आठ-दहा जण जमले. मी सांगितलं की आमचं चुकलं, अफवा तिनं उठवली नाही, पेपरात आली होती. गुरुजींचं नाव घेतलं नाही. पुन्हा एक शेवटचं घर दाखवायची हिंमत झाली नाही. लोकांनी शांतपणे ऐकलं. मला चहा दिला. म्हातारे म्हणाले, "बाई, ती तर गेली. आता त्याचं काय?"

पेठच्या बाजारात ती मला तिसऱ्या खेपेला सापडली. गोणपाटावर बोंबलाचे ढीग लावून बसली होती. मी समोर उकिडवी बसले. तिनं ओळखलं, ते तिच्या हाताच्या थांबण्यावरून मला कळलं.

"ताई, तुम्ही सांगितलं नव्हतं. मला कळलं आता. माझी चूक झाली."

"भाव इचारा बाई," ती म्हणाली. "दुसरं काय इचारू नका."

"मी पाड्यावर जाऊन सांगितलंय सगळ्यांना."

"मंग?"

मागून एक गिऱ्हाईक वाकलं. तिनं तराजू उचलला. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले, मग पायाला मुंग्या आल्या तेव्हा उठले. ती परत माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही.

कॉलेजात मी प्राचार्यांना सगळं सांगितलं आणि ती चौकट उतरवायला विनंती केली. वार्षिक अंकात दुरुस्ती छापू या, असंही मी म्हणाले. प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो बाई, लस तर टोचली गेली ना? काम झालं. विद्यापीठात नाव झालं. आता कशाला उकरायचं?" चर्चासत्र भरवणाऱ्यांना पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. त्या साप्ताहिकाला लिहिलं, तेही छापलं नाही. चौकट शेवटी मीच एका दुपारी स्टुलावर चढून काढली. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्याकडे कुणी वर बघेना.

ते सगळं मी सोसलं असतं. पण शनिवारच्या तासाला मुलांना सांगितलं तेव्हा एक मुलगा उभा राहिला. शिबिरात सगळ्यांत जास्त घरं त्यानं केली होती. "मॅडम, आम्ही उन्हातान्हात फिरलो. ते सगळं खोटं होतं म्हणताय तुम्ही?"

"खोटं नव्हतं. अपुरं होतं. आणि ते माझ्यामुळे."

"मग तुम्ही आम्हांला शिकवलं काय?"

तो दप्तर घेऊन निघून गेला. पुढच्या शनिवारी चार-पाच जणच आले, त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती. पंख्याशिवायच्या त्या खोलीत आम्ही दोघी समोरासमोर बसून चार पेपर वाचायचो. ती फारसं बोलत नसे, मीही नाही. दोन वर्षं ती एकही शनिवार चुकली नाही. बी.ए. झाली, मालेगावकडे एका शाळेत लागली आणि गेली. जाताना पाया पडली. मी तिला म्हणणार होते की तो अंक तू मला दाखवला नसतास तर... पण वाक्य पुढं कुठं जाणार ते मलाच ठाऊक नव्हतं, म्हणून म्हणाले, "पत्र घालत जा." तिनं काही वर्षं घातली.

मग माझ्या खोलीतही दिवस तसेच जायला लागले. रविवारी कुणी येईनासं झालं. बातम्या लावायचे पण ऐकू कमी यायच्या. मधेच मन कुठल्या तरी 'असे समजते'पाशी अडकायचं आणि भात करपायचा. भावानं एकदा सायखेड्याला बोलावलं, चार दिवस राहिले. वहिनी म्हणाली, "नोकरी सोडून इथंच राहा की." पण तिसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं की मी कुणी काही सांगितलं की गप्प होते, हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. असल्या माणसाबरोबर घरात गप्पा कशा मारणार? ती पुन्हा म्हणाली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तर्कशास्त्राला मुलं मिळेनात म्हणून विषय बंद झाला. मला पर्यवेक्षण, वेळापत्रक अशी कामं देण्यात आली. शनिवारची खोली मात्र माझ्याकडेच राहिली, कुणाला ती नकोच होती. मी फळ्यावर जुने प्रश्न लिहून वर एक नवा लिहीत असे: आपण कुणाला विचारायचं सोडलं? कधी एखादा मुलगा डोकावायचा, बसायचा, वाचायचा. बहुतेक शनिवारी कुणी येत नसे. मी चारही पेपर उलगडून तासभर वाचत बसायचे, कात्री बाजूला ठेवून.

एकदा नव्यानं लागलेली एक तरुण प्राध्यापिका दारात थांबली. म्हणाली, "बाई, अफवेवरचा तुमचा जुना निबंध वाचला. फार छान आहे. माझ्या मुलांना शिकवू का?"

मी तिला आत बोलावलं, बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाडा, नऊ घरं, गुरुजी, पेठचा बाजार. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी जरा अवघडून म्हणाली, "पण पद्धत तर बरोबर आहे ना?"

"शिकव," मी म्हणाले. "पण हेही सांग."

ती हो म्हणाली. तिचा तास होता, ती घाईनं गेली. तिनं पुढं काय शिकवलं ते मी कधी विचारलं नाही. पेपर घडी घालून ग्रंथालयात परत नेऊन ठेवले.